आजीचं लुगडं कोणत्या रंगाचं?

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. चौकोनी असतं, कडेनं पुठ्ठा असतो, तळहातावर मावतं. मधोमध एक छोटी खिडकी. टेबलावर ठेवलं तर खिडकीत नुसता अंधार. उजेडासमोर धरलं, की त्याच खिडकीत माणसं, झाडं, अख्खं गाव! ओळखा पाहू काय ते?

नाही ना आलं? मग आईबाबांना विचारा. त्यांनाही नाही आलं तर आजोबांकडे जा. ते म्हणतील, ‘अरे, ही तर स्लाइड!’

पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचा रोल घालावा लागे. नेहमीच्या रोलची निगेटिव्ह निघायची, म्हणजे सगळे रंग उलटे, आणि त्यावरून कागदावर फोटो छापायचे. स्लाइडच्या रोलचं तसं नव्हतं. फिल्मवरच सुलटं, रंगीत चित्र उमटायचं. एकेक चित्र कापून पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवायचं आणि प्रोजेक्टरमधून भिंतीवर किंवा पांढऱ्या चादरीवर मोठं करून बघायचं. चौकट साधारण पाच सेंटिमीटरची, आतलं चित्र फक्त ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच. म्हणजे बघा, ज्या फिल्मच्या तुकड्यावर त्या दिवशीचा उजेड प्रत्यक्ष पडला, तोच तुकडा आपल्या हातात असतो! त्याची दुसरी प्रत नसते. म्हणून तो खराब झाला की संपलं.

माझं आजोळ लोणंद, जिल्हा सातारा. लोणंद म्हटलं की कुणाला कांद्याची बाजारपेठ आठवते, कुणाला पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन. आणि वारकऱ्यांना आठवतो तो पालखीचा मुक्काम. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, ती लोणंदला. माझे मामा व्यापारी बोटीवर नोकरीला होते. सुट्टीवर आले की गळ्यात कॅमेरा. पालखी, बाजार, स्टेशन, कांद्याच्या गाड्या, दारातलं मांजर, सगळ्यांच्या स्लाइड काढायचे आणि परत गेले की परदेशातल्या बंदरावर रोल धुवून घ्यायचे. १९७२ ते १९८४ या वर्षांतल्या अशा ३४० स्लाइड माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत होत्या.

मामा आता नाहीत. मामी ऐंशीच्या पुढे आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा निरोप आला, ‘त्या डब्यांचं काय करायचं ते कर. आरं, रंग उडायच्या आत माणसं वळखून घ्यायला हवीत. मी हाय तवर हाय.’

मी स्कॅनर पिशवीत घातला आणि लोणंद गाठलं. मदतीला होती मामींची नात, यंदा नववीत गेलेली. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘काका, ३४० स्लाइडना किती वेळ लागेल?’

चला, तुम्हीही कागद-पेन्सिल घ्या. आमच्या स्कॅनरवर एका वेळी चार स्लाइड बसतात. चार स्लाइड पुसून, बसवून, बारकाव्यांसह स्कॅन करून, नाव देऊन ठेवायला १२ मिनिटं लागली. ३४० भागिले ४ म्हणजे ८५ खेपा. ८५ गुणिले १२ म्हणजे १०२० मिनिटं. सतरा तास! आणि मधे वीज गेली तर वेगळंच.

त्यावर उपाय लोणंदच्याच बाजारातला. कांदा विकायला नेण्याआधी शेतकरी काय करतो? निवडतो. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी वेगळी. आम्ही स्लाइड तशाच निवडल्या. एका काचेखाली दिवा ठेवून सगळ्या स्लाइड त्यावर मांडल्या आणि भिंगातून पाहिल्या. घरची माणसं आणि पालखी, अशा १२० निघाल्या ‘मोठा कांदा’. बंदरं, बोटी, समुद्र अशा १८० मध्यम. उरलेल्या ४० हललेल्या किंवा काळ्या पडलेल्या, ती गोल्टी. गोल्टी फेकली नाही हं! तशीच डब्यात ठेवली, फक्त स्कॅन केली नाही.

पहिल्या गटाला आम्ही २४०० डीपीआय लावलं. म्हणजे एका इंचात २४०० ठिपके. आपल्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चित्राचे त्यात सुमारे ७७ लाख ठिपके होतात. मध्यम गटाला १२०० पुरे, आणि त्याला एका खेपेला सहाच मिनिटं लागली. आता हिशेब करा. ३० खेपा गुणिले १२, अधिक ४५ खेपा गुणिले ६. झाले ६३० मिनिटं, म्हणजे साडेदहा तास. निवडण्यात गेला एक तास, वाचले साडेसहा!

कामाचीही वाटणी केली. नात स्लाइड पुसणार, मी स्कॅनर चालवणार, मामी माणसं ओळखणार. पुसायचं म्हणजे फडकं मारायचं नाही, बरं का! स्लाइड नेहमी पुठ्ठ्याला धरायची. धूळ उडवायला रबरी फुगा दाबायचा किंवा मऊ कुंचला फिरवायचा. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि डाग पडतो. पाणी तर मुळीच नको. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो, ओलाव्यानं त्यावर बुरशी धरते. काही स्लाइडवर तिची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी आलीच होती.

आणखी एक गंमत. स्लाइड उलटी बसली तर डावं-उजवं फिरतं. मग ओळखायचं कसं? फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी थोडी मंद. पण नातीनं त्याहून सोपी खूण शोधली. स्टेशनच्या पाटीवरचं ‘लोणंद’ सरळ वाचता आलं पाहिजे. आणि जिथं पाटी नाही, तिथं पुरुषांच्या शर्टाचा खिसा बघायचा. तो डावीकडेच हवा. आहे की नाही डोकं?

आता खरं अवघड काम. रंग!

रंगीत फोटोची युक्ती फार जुनी आहे. १८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं लंडनमध्ये एक प्रयोग करून दाखवला. एका रंगीत फितीचे लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो घेतले, आणि तशाच काचांतून ते पडद्यावर एकावर एक पाडले. फीत रंगीत दिसली! तुमचा मोबाइल, टीव्ही आणि आमचा स्कॅनर, सगळे आजही हीच त्रयी वापरतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती, एवढंच स्कॅनर मोजतो.

पण दोन वजनकाट्यांत फरक असतो ना? तसा दोन स्कॅनरमध्येही असतो. वाण्याचा काटा बरोबर आहे की नाही हे कसं ठरवतात? ठाऊक वजनाचं माप ठेवून. रंगांचंही असं माप मिळतं. त्याचं नाव ‘आयटी-८’. ती एक स्लाइडच असते, तिच्यावर अडीचशेहून जास्त रंगांचे चौकोन असतात आणि प्रत्येक चौकोनाचा रंग कारखान्यात मोजलेला असतो. ही स्लाइड स्कॅन केली, की संगणकाला कळतं की आपला स्कॅनर कुठल्या रंगात किती चुकतो. मग तो तेवढी दुरुस्ती पुढच्या प्रत्येक स्लाइडला करतो. ट्यूबचा दिवा असलेला जुना स्कॅनर मात्र आधी थोडा वेळ तापू द्यायचा. दिवा स्थिर झाल्याशिवाय मोजमाप खरं नाही.

फिल्मच्या जातीही वेगळ्या. मामांच्या पुष्कळ स्लाइड कोडाक्रोमच्या होत्या. ही फिल्म १९३५ साली बाजारात आली. तिचा शोध लावणारे दोघं, लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, मुळात वादक! एक पियानो वाजवायचा, दुसरा व्हायोलिन. कोडाक्रोमचे रंग फिल्ममध्ये नसत, धुताना एकेक करून चढवावे लागत, म्हणून ती घरी धुता येत नसे. २००९ मध्ये ती बनवणं थांबलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स गावी तिची शेवटची प्रयोगशाळा होती. २०१० संपता संपता तिनंही नवे रोल घेणं बंद केलं. अंधारात ठेवली तर कोडाक्रोमचे रंग फार टिकतात. मामांच्या कोडाक्रोम काल काढल्यासारख्या निघाल्या. फक्त स्कॅनरला त्या जरा निळसर दिसतात, म्हणून त्यांचा गट वेगळा ठेवून त्यांना दुरुस्ती वेगळी लावली.

इतर जातींच्या जुन्या फिल्म मात्र इतक्या नशीबवान नव्हत्या. त्यांतलीच एक स्लाइड हातात घेऊन मामी म्हणाल्या, ‘ही बघ तुझी आजी.’

पालखीचा दिवस. आमच्या अंगणात वारकऱ्यांची पंगत. आजी वाकून पिठलं वाढतेय. तिचा रंगीत फोटो म्हणाल तर जगात हा एकच. आणि तो अख्खा लालभडक झालेला! आभाळ लाल, भिंत लाल, भाकरी लाल.

असं का होतं? फिल्ममध्ये तीन रंगांचे थर असतात. पिवळा, किरमिजी आणि तिसरा मोरपंखी निळसर, त्याला सायन म्हणतात. सायनचं काम दरवानाचं. लाल प्रकाशाला अडवायचं. त्या काळच्या बऱ्याच फिल्ममध्ये हा दरवानच सगळ्यात आधी थकतो. वर्षानुवर्षं नुसत्या डब्यात पडूनही तो विरतो. मग लाल प्रकाश मोकाट आत शिरतो, चित्र लाल होतं.

आता वाद सुरू झाला. मामींची थोरली लेक म्हणजे आमची अक्का म्हणाली, ‘आजीचं लुगडं डाळिंबी होतं. मला चांगलं आठवतं.’ मामी म्हणाल्या, ‘छट्! हिरवं व्हतं.’ कुणाचं खरं मानायचं? अक्कानं ही स्लाइड लहानपणापासून कितीतरी वेळा पाहिलेली. मला शंका आली, की अक्काला आठवतंय ते लुगडं नसून लाल झालेली स्लाइड असावी.

बरं, डोळ्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? एक प्रयोग करा. लालभडक कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि लगेच पांढऱ्या भिंतीकडे पाहा. भिंतीवर हिरवट-निळसर डाग दिसेल. डोळा एका रंगाला सरावतो आणि आपल्याला फसवतो. मामींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्या म्हणतात, ‘ह्या डोळ्यानं चादर पांढरी, त्या डोळ्यानं पिवळट.’ एकाच माणसाचे दोन डोळे, तरी दोन साक्षी!

नातीनं आधी तिच्या मोबाइलमधलं जुने फोटो ‘सुंदर’ करणारं ॲप वापरून बघितलं. क्षणात चित्र लखलखीत झालं. लुगडं जांभळं, आभाळ निळंभोर. मामींनी निरखून पाहिलं आणि दोनच वाक्यं बोलल्या. ‘आषाढात असलं आभाळ आमच्याकडं नसतं. आन् माझ्या सासूचं गोंदण कुठं गेलं?’

खरंच की! आजीच्या कपाळावर गोंदणाचे हिरवे ठिपके होते. ॲपनं ते धुळीचे कण समजून पुसून टाकले होते! असे प्रोग्राम हजारो फोटो पाहून अंदाज करतात. अंदाज म्हणजे आठवण नव्हे. त्यांनी आमच्या आजीला कधी पाहिलंय?

मग आम्ही दुसरी वाट धरली. चित्रात अशी वस्तू शोधायची, जिला स्वतःचा रंग नाही. पांढरी, करडी किंवा काळी. तिच्यात लाल, हिरवा, निळा हे तिन्ही सारखे हवेत. ते सारखे केले, की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात.

नात म्हणाली, ‘तुळशी वृंदावन पांढरं आहे.’ मामी म्हणाल्या, ‘चुन्यात नीळ टाकायच्या सासूबाई.’ म्हणजे ते निळसर. बाद! ‘वारकऱ्यांची धोतरं?’ त्यांनाही नीळ. बाद! ‘भगव्या पताका?’ नवी पताका वेगळी, पावसात भिजून उडालेली वेगळी. भगवा एकच कुठं असतो? बाद! शेवटी नातीनं बोट ठेवलं ते आजीच्या हातातल्या पिठल्याच्या पातेल्यावर. जर्मनचं, पोचे आलेलं, चकाकी गेलेलं पातेलं. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. त्याला कसला आलाय रंग? वरचा काठ उजळ करडा, खालची बाजू गडद करडी. शिवाय आभाळ ढगाळ, म्हणून दोन्हीकडे उजेड सारखाच. आणि मागच्या दाराच्या आतला अंधार म्हणजे काळा.

सापडल्या तीन खुणा! त्या तिन्ही जागी लाल, हिरवा, निळा सारखे करत गेलो. एवढी ओढाताण केली तर साध्या फाइलमध्ये चित्राला भेगा पडल्यासारखे पट्टे दिसतात, कारण तिच्यात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. आम्ही १६ बिटांची फाइल ठेवली होती, तिच्यात ६५,५३६ पायऱ्या. एकेक फाइल ४६ एमबीची, पण इथं तिचा उपयोग झाला. संगणकाचा पडदाही नीट लावला. मोबाइलमध्ये असतो तसा रात्रीचा पिवळा प्रकाश बंद, खिडकीतलं ऊन पडद्यावर नको.

हळूहळू लाली उतरली. आभाळ राखाडी झालं, भाकरी भाकरीसारखी दिसायला लागली. आणि आजीच्या अंगावर हिरवं लुगडं आलं. गडद हिरवं, जरा निळ्याकडे झुकणारं.

‘पण कशावरून?’ अक्का काही ऐकेना. तिचं म्हणणं रास्तच होतं. संगणकानं काढलेला रंग तरी का मानायचा?

मामी उठल्या आणि आतून एक जुनी गोधडी घेऊन आल्या. आजी गेल्यावर तिची लुगडी घालून त्यांनीच शिवलेली. वरचे तुकडे उन्हानं आणि धुण्यानं विटलेले. मामींनी एका तुकड्याची शिवण नखानं उसवली आणि आत दुमडलेली कड बाहेर काढली. तिला इतकी वर्षं ऊन लागलेलं नव्हतं. आम्ही ती दारातल्या उजेडात धरली, मग पडद्याकडे पाहिलं. तंतोतंत नाही, पण एकाच घरातले रंग. गडद हिरवा, जरा निळ्याकडे झुकणारा!

अक्का बराच वेळ त्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘एवढी वर्षं मी आजीला भलत्याच लुगड्यात बघत होते गं.’

तिला ते लागलं होतं. मामींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्या फोटोच्या आम्ही दोन फाइली ठेवल्या. एक स्लाइड आज आहे तशी, लालच. दुसरी दुरुस्त केलेली. दुसरीच्या नावात ‘दुरुस्त’ असा शब्द घातला आणि कुठल्या खुणांवरून रंग लावले तेही लिहून ठेवलं. उद्या कुणाला याहून चांगली युक्ती सापडली, तर त्यानं मूळ फाइलपासून सुरुवात करावी. धुळीचे डागही चेहऱ्यावरचे असतील तर एकेक करून हातानं काढले. काही स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ शोधतात. धुळीतून ते किरण जात नाहीत, फिल्मच्या रंगांतून जातात, म्हणून धूळ ओळखू येते. पण कोडाक्रोमवर ही युक्ती नीट चालत नाही, तिथं कुंचला आणि चिकाटीच बरी.

प्रत्येक फाइलला वर्ष, डबा आणि स्लाइडचा क्रमांक दिला. काही पुठ्ठ्यांवर महिना-वर्ष छापलेलं असतं, पण ते फिल्म धुतल्याचं, फोटो काढल्याचं नव्हे. आषाढातल्या पालखीवर नोव्हेंबर छापलेला पाहून नात चक्रावलीच! मग मामींनी एकेक चेहरा पाहून नावं सांगितली आणि तिनं वहीत लिहून घेतली. पंगतीतल्या एका वारकऱ्याचं नाव मामींना आठवलं नाही. ‘दर वर्साला यायचे. त्यांना तिखट चालायचं न्हाई,’ त्या म्हणाल्या. नातीनं तेच लिहिलं. वही पुरी झाली, फाइलींच्या दोन प्रती झाल्या, एक लोणंदला, एक माझ्याकडे. स्लाइड पुन्हा डब्यात गेल्या, पण माळ्यावर नाही. पत्र्याखालच्या उष्णतेनं रंग लवकर विरतात. आता त्या खालच्या खोलीतल्या कोरड्या, थंड कपाटात आहेत.

दोस्तांनो, तुमच्या घरी स्लाइड असतील किंवा नसतील. जुने फोटो, निगेटिव्ह तरी असतीलच. स्कॅनर नसला तरी बिघडत नाही, ते काम पुढच्या वर्षीही करता येईल. पण चेहऱ्यांची नावं सांगणारं माणूस आत्ता घरात असेल, तर या रविवारी वही घेऊन त्याच्याजवळ बसा. फोटोतल्या लुगड्याचा रंग विचारा, पातेलं कशाचं होतं ते विचारा, चुन्यात नीळ घालायचे का तेही विचारा. कुठली माहिती कधी कामी येईल सांगता येत नाही.

आणि हो, फोटो साफ करताना गोंदण पुसू नका हं!